कवटीपलीकडचा प्रकाश
(जवाहर चौक, भोपाळ येथे झालेले व्याख्यान)



मेंदू म्हणजे हाडाच्या पेटीत बंद असलेला ऐवज; पेटी फोडल्यावाचून आतले काही दिसावयाचे नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अंधारात पेटत्या विजेरीवर बोटे धरली तर ती लालसर उजळतात, हे मात्र लहान मुलांनाही ठाऊक असते. निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो, तांबडा काही अंशी पार होतो. ह्या तांबड्याच्याही पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण आहेत, हे विल्यम हर्शेल ह्यांना १८०० साली उष्णतामापकामुळे कळले. त्यांपैकी तांबड्याला लागून असलेले, सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे निकट-अवरक्त किरण त्वचा आणि हाड ह्यांतूनही थोडेफार आत जातात.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस ह्यांनी १९७७ साली ह्या किरणांच्या साह्याने, कवटी न उघडता, मेंदूतील प्राणवायूची स्थिती पाहता येते असे दाखविले. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि तो सोडून दिलेले हिमोग्लोबिन हे प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत शोषतात. करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर ह्याच भेदावर चालतो. मेंदूचा जो भाग कामास लागतो तेथे रक्ताचा ओघ वाढतो व परत येणारा प्रकाश बदलतो. १९९३ पासून माणसाच्या मेंदूचे कार्य असे अभ्यासले जाऊ लागले. तान्ह्या बाळांची कवटी पातळ असल्याने त्यांच्या अभ्यासात ही पद्धत विशेष उपयोगी पडली. मर्यादा एवढीच, की वार्ता मिळते ती मेंदूच्या वरच्या थराची. खोल गाभ्याची नव्हे.

ह्या शास्त्राचा एक धागा भोपाळशी जुळलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२५ साली 'सेरेबो' ह्या हातात मावणाऱ्या उपकरणाची माहिती दिली. त्याच्या घडणीत भोपाळची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बंगळूरची निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी ह्यांचा सहभाग आहे. डोक्यातील रक्तस्राव व सूज एका मिनिटात ओळखणे हा त्याचा हेतू. दुचाकीवरून पडलेला माणूस कित्येकदा उठून बसतो, बोलतो, आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. शहरात सी. टी. स्कॅन जवळ असते. बैतूलकडच्या एखाद्या खेड्यात ते कोसच्या कोस दूर असते. रुग्णाला ताबडतोब हलवावे काय, ह्याचा निर्णय तेथेच व्हावा लागतो. असे उपकरण सी. टी. स्कॅनची जागा घेत नाही; तिकडे आधी कोणाला न्यावे, ते सुचविते.

पाहणे आणि बरे करणे ह्यांत मात्र अंतर आहे. हाच प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो, अशा विचाराने पक्षाघाताच्या रुग्णांवर ८०८ नॅनोमीटरच्या लेसरचे प्रयोग झाले. २००७ सालचे पहिले निष्कर्ष आशादायक होते. पुढे सहाशेहून अधिक रुग्णांवरील तिसरी चाचणी, लाभ दिसत नाही म्हणून, मध्येच थांबवावी लागली. तिचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशादी विकारांवरील संशोधन चालू आहे, पण अद्याप निर्णायक पुरावा हाती आलेला नाही. तरीही प्रकाशाची शिरस्त्राणे बाजारात विकली जातात, आणि विसरभोळ्या झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी घरची मंडळी वाटेल ती किंमत मोजावयास तयार होतात.

अशा खरेदीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्यांना खरा प्रकाश दिला व ज्यांना नुसता देखावा केला, अशा दोन गटांची तुलना झाली आहे काय? उत्तर मिळेपर्यंत पैसे गाठीशी ठेवावेत आणि रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे.