पालवणकर बंधूंची कथा आणि आपण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संत रोहिदासांचे स्मरण आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव ही आपल्या मेळाव्याची परंपरा आहे. तिला धरूनच आज आपल्या चर्मकार समाजातील एका कुटुंबाची कथा सांगावी, असे आम्ही योजिले आहे. तिरोड्यापासून देवरी-अर्जुनीपर्यंतच्या गावांतून येथे आलेल्या मुलांपैकी कितीजणांना बाळू पालवणकर हे नाव ठाऊक असेल?

बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील पुण्यास लष्करी नोकरीत होते. पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामासाठी बाळूंना दरमहा ३ रुपये मिळत. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. तेथे जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना ते तासन्‌तास चेंडू टाकीत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही. गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम, फलंदाजी हा मालकाचा मान, अशी त्या काळची समजूत होती.

पुण्याच्या हिंदू संघास जिंकावयाचे होते, म्हणून बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सारे जण एकच चेंडू हाताळीत. तो चेंडू चामड्याचा, पण त्याचा विटाळ कोणास होत नसे. चहाची वेळ झाली, की बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे! ही विसंगती कोणी मुद्दाम रचून सांगितली असती, तर ती खरी वाटली नसती.

पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी मिळविले.

एवढे कर्तृत्व असूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. बळी घेण्यास त्यांचा हात हवा होता. संघास आज्ञा देण्याचा अधिकार त्यांच्याकडे जाणे रुचत नव्हते. १९२० साली हा प्रश्न चिघळला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि अन्यायाचा जाहीर निषेध केला. परिणामी त्याच स्पर्धेत बाळूंना उपकर्णधार करावे लागले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

असे प्रसंग अन्यत्रही घडले आहेत. अमेरिकेत वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे मोटारींची एक मोठी शर्यत जिंकली. तथापि विजेता म्हणून गोऱ्या चालकाचे नाव पुकारण्यात आले. काही तासांनी स्कॉट यांचा विजय मान्य झाला, पण समारंभ केव्हाच आटोपला होता. स्कॉट १९९० साली निवर्तले. त्या विजयाचा चषक त्यांच्या कुटुंबाच्या हाती २०२१ साली पडला.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी आपल्यात मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या निर्णयाची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु त्यासाठी त्यांचे नावच पुसून टाकणे हा न्याय नव्हे. मोठी माणसे आपण पूजेपुरती किंवा निंदेपुरतीच ठेवली, तर मुलांनी त्यांच्यापासून शिकावे काय?

आम्हांस दिसतो तो बोध असा: गुणांनी दार किलकिले झाले, परंतु ते उघडले भावांच्या एकीने. एकट्या बाळूंच्या बळींनी जे साधले नाही, ते दोघा भावांनी आपली संघातील जागा पणाला लावून साधले. म्हणून समाजधुरीणांस आमची विनंती आहे, की पुढील वर्षापासून परीक्षेतील गुणवंतांबरोबर मैदान गाजविणाऱ्या मुलामुलींचाही या व्यासपीठावर सत्कार व्हावा. आणि त्यांपैकी कोणावर अन्याय झाला, तर त्याच्या वा तिच्या पाठीशी सारा समाज उभा राहावा.