धावपट्टीआधीचा डोंगर
(सुरक्षा अभ्यासवर्गातील भाषण)



आजचा विषय विमानाचा असला तरी तो आपल्या केबिनमध्ये आणि सॉर्टिंगच्या टेबलावरही लागू पडतो.

ढगांमुळे धावपट्टी दिसत नसताना विमान उपकरणांच्या आधाराने उतरते. नकाशावर प्रत्येक टप्प्याची किमान उंची छापलेली असते. तो टप्पा ओलांडेपर्यंत त्याखाली यायचे नाही. शेवटच्या किमान उंचीवरही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यायचे. नेहमीच्या आयएलएस पद्धतीत ही उंची साधारण २०० फूट असते.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. विमानतळ ४४ मैलांवर असतानाच कंट्रोलरने उतरण्याचा मार्ग धरण्यास परवानगी दिली. उंची सांगितली नाही. वैमानिक समजले, परवानगी आली म्हणजे वाट मोकळी. ते १८०० फुटांकडे उतरू लागले. कंट्रोलर समजला, उंची वैमानिक सांभाळेल. नकाशाच्या एका भागात तिथे ३४०० फूट लिहिले होते, दुसऱ्या भागात नव्हते. विमान माउंट वेदर डोंगरावर आदळले. ९२ जण गेले. त्यांत ७ कर्मचारी होते.

चौकशी मंडळातही एकमत झाले नाही. तिघांनी वैमानिकांच्या निर्णयावर ठपका ठेवला, दोघांनी कंट्रोलरकडेही बोट दाखवले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे विमान त्याच मार्गावर असेच खाली येऊन थोडक्यात वाचले होते. वैमानिकांनी ते कळवले, कंपनीने आपल्या लोकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते गेलेच नाही. पत्र होते, पण पोचवणारे टपाल नव्हते!

पुढे नियम बदलला: परवानगीबरोबर उंचीही सांगायची. आणि १९७६ साली नासाकडे चुका कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. कळवणाऱ्याचे नाव काढून टाकतात. दंड करणाऱ्या खात्याकडे ते जात नाही. जाणूनबुजून केलेला नियमभंग, गुन्हा वा अपघात यांना मात्र ही सवलत नाही.

बंधूंनो, लाइन क्लिअर देताना आपण प्रायव्हेट नंबर घेतो, तो निरोप नीट पोचल्याची खूण म्हणून. मग थोडक्यात टळलेल्या अपघाताचा निरोप का अडावा? सांगणाऱ्याच्या हाती चार्जशीट पडणार असेल, तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही, आणि डोंगर जागच्या जागी राहील. म्हणून आपली मागणी एकच: चूक कळवणाऱ्याला संरक्षण द्या, आणि ती चूक प्रत्येक डेपोपर्यंत, प्रत्येक कचेरीपर्यंत पोचवा.