बालकाचा कोठा व घरचे अन्न

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या व्याख्यानाचा विषय जाहीर होताच मागच्या रांगांत थोडी कुजबुज झाली, ती आमच्या कानी आली. विद्या, व्यवसाय, विवाह हे या व्यासपीठाचे नित्याचे विषय. त्यांत लहान मुलाच्या शौचाचा विषय कोठून आला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु शाळेत आयुष्य घालविल्यावर आमचे असे मत झाले आहे की, ज्या गोष्टीविषयी चारचौघांत बोलण्याची लाज वाटते, तिचाच त्रास घराघरांत मुकाट्याने सोसला जातो. आणि तो सोसणारे मूल दोन-तीन वर्षांचे असले म्हणजे त्यास तक्रारही नीट सांगता येत नाही.

आमच्या उर्से गावातील एका घराची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा अडीच वर्षांचा. आईवडील दोघेही कारखान्यात नोकरीस. जून महिन्यात मुलास शिशुवर्गात घालावयाचे, आणि डायपर सुटलेले मूलच घेऊ, अशी तेथील अट. म्हणून मे महिन्यात डायपर एकाएकी बंद करून मुलास पॉटीवर बसविण्यास आरंभ झाला. चार दिवस त्यास शौचास झाले नाही. पाचव्या दिवशी झाले ते खड्यासारखे, आणि मूल वेदनेने किंचाळले. त्यानंतर पॉटी दिसली की ते दाराआड पळे, चवड्यांवर उभे राही, पाय आवळून धरी व तोंड लाल करी. आजी म्हणे, मूल कुंथते आहे. वडील म्हणत, हट्टी आहे. आणि एके दिवशी त्यांनी चापटही मारली. शेवटी सर्व दोष सुनेच्या माथी आला की, तिला मुलास वळण लावता येत नाही.

वस्तुतः ते मूल कुंथत नव्हते व हट्टही करीत नव्हते. ते मल दाबून धरीत होते. एकदा दुखले म्हणून मूल मल धरून ठेवते. मोठ्या आतड्याचे काम मलातील पाणी शोषून घेण्याचे. मल जितका काळ आत राहील तितका तो अधिक कोरडा, कठीण व मोठा होतो. तो बाहेर पडताना पुन्हा अधिक दुखते, आणि मूल पुन्हा अधिक निश्चयाने धरून ठेवते. हे चक्र शिक्षेने तुटत नाही. भीतीने अधिकच घट्ट होते. पॉटीची सवय लावण्याच्या वयातच मलावरोध पुष्कळ मुलांत दिसू लागतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता अन्नाकडे वळू. त्या घरी मुलास दिवसातून चार मोठे पेले दूध मिळे. जेवला नाही तर दूध, रडला तर बिस्किट, असा क्रम. दूध हे उत्तम अन्न आहे. पण त्यात तंतू मुळीच नाही. दुधाने पोट भरलेले मूल भाकरी, भाजी व वरण यांकडे ढुंकून पाहत नाही. या वयात दिवसाकाठी अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे. त्याहून फार अधिक दिल्यास मलावरोधाचा संभव वाढतोच, शिवाय रक्तातील लोहही कमी पडू लागते. बिस्किटे बहुधा मैद्याची, त्यांचीही गत तीच.

आम्ही पडलो शिक्षक. हिशेब मांडल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. दोन वर्षांपुढील मुलाच्या वयात पाच मिळवावे, तितके ग्रॅम तंतू त्याच्या पोटात रोज निदान जावे, असा एक सोपा आडाखा आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलास आठ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू दिला आहे, ज्वारीत सुमारे १०, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमांहूनही कमी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ हा आम्हां मावळवासीयांचा अभिमान आहे, आणि त्याचा मऊ, सुवासिक भात मुले आवडीने खातात. तो खुशाल द्यावा. परंतु तिन्ही त्रिकाळ केवळ भात आणि दूध यांवर कोठा साफ राहणार नाही. उलट पंचवीस ग्रॅम नाचणीची आंबील, तीस ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी व शंभर ग्रॅम पिकलेली पपई एवढ्यातच साडेआठ ग्रॅमांच्या आसपास तंतू होतो. यांत बाजारातून आणावे असे महाग काही नाही.

तेव्हा दिवसाचा क्रम असा ठेवावा. सकाळी नाचणीची आंबील किंवा खीर. दुपारी सालासकट मुगाच्या आमटीत कुसकरलेली भाकरी व बारीक चिरलेली पालेभाजी. तिसऱ्या प्रहरी पपई किंवा पेरूचा मऊ गर. रात्री मऊ भात, वरण व दुधी अथवा भोपळ्याची भाजी. दूध जेवणानंतर, बेताचे. काळ्या मनुका किंवा सुके अंजीर रात्री भिजत घालून सकाळी पूर्ण कुस्करून दिल्यासही गुण येतो. मात्र मनुका, शेंगदाणे वा फुटाणे अख्खे कधीही देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतते. आणि तंतू वाढविला की पाणीही वाढवावे. वाटीभर पाणी एकदम पाजण्याऐवजी दिवसभर घोटघोट द्यावे. नवे अन्न हळूहळू वाढवावे, नाहीतर पोट फुगते.

अन्नाइतकेच महत्त्व बसण्याच्या रीतीस आहे. आपल्या आज्या पाय लांब करून बसत व बाळास दोन्ही पावलांवर उकिडवे बसवीत. त्या बैठकीत मुलाचे गुडघे वर येत, पायांस आधार मिळे व पाठीमागे मायेचे माणूस असे. आजच्या पॉटीवर वा उंच कमोडवर पाय लोंबकळत राहिले तर मुलास जोर करता येत नाही. म्हणून पायांखाली पाट ठेवावा. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. त्या वेळी पाच-दहा मिनिटे गोष्ट सांगत बसवावे. झाले तर कौतुक करावे, न झाल्यास चकार शब्द काढू नये.

त्या घरी पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. त्यांनी मुलास बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मल आत घट्ट साचलेला होता. अशा वेळी केवळ तंतू वाढवून भागत नाही, उलट त्रास वाढतो. आधी औषधाने कोठा मोकळा करावा लागतो, आणि मल मऊ ठेवणारे औषध पुढे काही महिने, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावे लागते. मध्येच बंद केले की चक्र पुन्हा सुरू होते. त्यांनी औषध दिले, दूध कमी केले, ताट बदलले आणि डायपर काही आठवडे पुन्हा लावला. शिशुवर्गात मूल जूनऐवजी दिवाळीनंतर गेले. त्याने त्याचे काय बिघडले?

आणखी एक इशारा. एरंडेल पाजणे, साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालणे, हे उपाय घरी करू नयेत. नाजूक जागी इजा होते आणि भीती दुणावते. चड्डीस सतत पातळ डाग पडत असतील तर ती हगवण समजून औषध देऊ नये. साचलेल्या मलाच्या बाजूने पातळ मल झिरपत असतो. मलात रक्त, उलट्या, ताप, फुगलेले पोट, वजन न वाढणे, अथवा जन्मापासूनचा मलावरोध, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उलटपक्षी, एखाद्या मुलास एक दिवसाआड होते, पण मऊ व विनासायास होते, तर चिंतेचे कारण नाही.

बंधुभगिनींनो, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून आमच्या उर्से गावाशेजारून गाड्या वेगाने धावत आहेत, आणि मुलांनीही तसेच धावावे असे घरोघरी वाटू लागले आहे. परंतु शरीराची घडी आपल्या सोयीने बसत नाही. आमची आज्यांस विनंती आहे की, सुनेस बोल लावण्यापूर्वी नातवाच्या ताटात काय आहे ते पाहावे. वडिलांस विनंती आहे की, हात उगारण्यापूर्वी मूल कशास भिते ते समजून घ्यावे. आणि मातांस एवढेच सांगणे आहे की, हा तुमचा दोष नव्हे. धीर धरा, ताट सुधारा, आणि गरज पडेल तेव्हा वेळीच डॉक्टरांस विचारा.