गट असावा, पण कायमचा नसावा



‘अ’ तुकडी हुशार मुलांची.
शेवटची तुकडी ‘ढ’ मुलांची.
अशी विभागणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.
सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी ती घातक आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मूल तो शिक्का मनावर घेतं.
मग वर्गात हात वर करणंच सोडून देतं.

म्हणून गटच नकोत का?
तसं नाही.

मुंबईत 1995 साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची पद्धत पाहा.
तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला आधी थोडं वाचायला देतात.
कुणी अक्षरापाशी अडतं.
कुणी शब्दापाशी.
कुणी अख्खी गोष्ट वाचतं.
गट त्यानुसार होतात, इयत्तेनुसार नाही.

अक्षरांचा गट बाराखडीच्या तक्त्याभोवती जमिनीवर बसतो.
बोट ठेवत, मोठ्यानं वाचतो.
हे दिवसातून तास-दोन तासच.
उरलेला वेळ मुलं आपापल्या वर्गात, सगळ्यांसोबत.

मूल शब्द वाचू लागलं, की पुढच्या गटात जातं.
पुन्हा सांगते, गट बदलतो.
गट असावा, पण कायमचा नसावा.

पालकहो, पुढच्या पालकसभेत बाईंना, गुरुजींना एवढं नक्की विचारा:
माझ्या मुलाचा गट शेवटचा कधी बदलला?