आधी हाताने फिरवा



 जुन्या ट्रॅक्टरांच्या या मेळाव्यात आज मला बोलायचं आहे ते मागच्या रांगांतल्या तरुणांशी. सकाळपासून तिघांनी मला तेच विचारलं : जुना ट्रॅक्टर उभा करायची हौस आहे, पण यातलं काही कळत नाही, जमेल का? जमेल. इथला प्रत्येक जण असाच कोरा आला होता.

सुरुवातीला परदेशी, दुर्मिळ यंत्राच्या मागे लागू नका. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली आणि बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या शेतात आला. १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या तंत्रावर एचएमटी ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मॅसी १०३५ तर गावोगाव दिसला. यांतला एखादा घ्या. तो खोलून पुन्हा बसवणारा मिस्त्री पंचक्रोशीत सापडतो. आणि आजोबांनी कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर गोठ्यामागे उभा असेल, तर दुसरा शोधूच नका.

माझा पहिला ट्रॅक्टर बी-२७५. नऊ वर्षं चिंचेखाली उभा होता. घरी आणला त्याच दिवशी नवी बॅटरी लावली आणि स्टार्टर मारला. गंजाने धरलेली पिस्टन रिंग तुटली, लायनरवर खोल ओरखडा उठला. महिन्याची कमाई गेली. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या वेळी शेजारच्या गावातले वयस्क मिस्त्री आले. त्यांनी चारही नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडलं आणि म्हणाले, "आता आठ दिवस हात लावू नकोस." नवव्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून पुढे-मागे, अगदी हलक्या हाताने झुलवलं. पुली बोटभर सरकली. तेवढ्याने माझे डोळे भरून आले.

इंजिन मोकळं झालं की पुढची पायरी डिझेलची. टाकी कोरडी पडली की डिझेलच्या पाइपात हवा शिरते. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. हे एकदा स्वतः केलं की डिझेल इंजिनाची भीती निम्मी जाते. रंगाची घाई मात्र करू नका. झिजलेल्या फूटरेस्टवर घरच्या माणसाच्या पायाची खूण असते, ती नव्या रंगाखाली जाते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ओझं ओढायचं ते ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीलाच जोडून. साखळी त्याच्या वर बांधली की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक सांगाडा नसतो. पीटीओ, म्हणजे अवजार चालवणारा मागचा दांडा, फिरत असताना उपरणं, ओढणी, सैल बाही जवळ नको.

ज्येष्ठांनो, तुमच्या हातातली विद्या कुठल्याही पुस्तकात नाही. पोरं विचारतील तेव्हा नुसतं दाखवू नका, पाना त्यांच्या हाती द्या.

जेवणानंतर मागच्या पटांगणात बी-२७५चं इंजिन खोलणार आहोत. नव्या मंडळींनी पुढे यावं. पहिला नट त्यांच्याच हातून सुटायला हवा.