एएमएच कमी आलं म्हणजे सगळं संपलं का?

संगमनेर, राहुरी, नगरच्या मैत्रिणी मला हेच विचारतात, "ताई, एएमएच कमी आलंय, आता मूल होणारच नाही का?"

तर ऐका. एएमएच हे अंडाशयातल्या छोट्या बीजकोशांतून येणारं हार्मोन. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती स्त्रीबीजं मिळतील, एवढा अंदाज ते देतं. ती चांगली किती, हे मुख्यतः वय ठरवतं. म्हणून 28व्या वर्षीची 4 बीजं कधीकधी 42व्या वर्षीच्या 10 बीजांना भारी पडतात.

1986 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने आयव्हीएफ बाळ जन्माला घातलं, तेव्हा ही टेस्ट हाताशी नव्हतीच!

रिपोर्ट बघून रडत बसू नका. पण पस्तिशी जवळ आली असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीरही करू नका. आणि हो, नवऱ्याचीही तपासणी कराच.