कोकणातील उन्हाळी आणि वीज



भूगर्भातील उष्णतेवर वीज निघते असे सांगितले, की वज्रेश्वरीला जाऊन आलेल्या भगिनी लगेच विचारतात, "मग आपल्या कुंडांवर का नाही काढीत?" प्रश्न रास्त आहे. फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्याला पाणी लागते ते उजनीचे, आणि आपल्या घागरीतलेही उजनीचेच!

कोकणात अशा झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. (आम्हां सोलापूरकरांना उन्हाळ्यासाठी इतके दूर जावे लागत नाही.) वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी ती पसरली आहेत. खाली ज्वालामुखी धुमसत असेल ही समजूत मात्र खरी नव्हे. आपला काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील खडकाने तापते व पुन्हा वर येते, एवढेच. उन्हवऱ्यालाही ते सुमारे ७० अंशच भरते.

इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लागले. तेथे आयती वाफ होती. आपल्याकडे चहाचे आधणसुद्धा नाही. तरी कमी उष्णतेवर उकळणारा दुसरा द्रव तापवून त्याच्या वाफेने चक्र फिरविता येते. अलास्कात चेना येथे २००६ साली ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज निघाली. मग आपले अडते कोठे? त्या वाफेचा पुन्हा द्रव करण्यास तेथे बर्फासारखे पाणी शेजारीच आहे. गरम व गार यांत जेवढे अंतर, तेवढी वीज. कोकणचा ओढा काही तितका गार नाही; निघालेल्या थोड्या विजेतलीही बरीच पंपच खाणार.

खोल विंधले तर उष्णता वाढेल. पण विहीर फुकट गेली तर पैसा पाण्यात, तेही पाणी न लागता! शिवाय बंबात खार धरतो तसा नळ्यांत धरतो. लडाखात पुगा येथे १ मेगावॉटच्या प्रयोगासाठी २०२१ साली करार झाला; २०२२ साली विंधताना गरम पाणी ओढ्यात गेले. वापरलेले पाणी पुन्हा खाली सोडावेच लागते. ते चुकले आणि कुंड आटले तर? तिथल्या बायकांचे धुणे-न्हाणे त्याच पाण्यावर चालते. त्यांना विचारल्यावाचून विंधणयंत्र गावात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला विचाराल, तर त्या पाण्याकडे मी आधी वीज मागणार नाही. पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या बायकांची आमसुले, फणसपोळ्या वाळविण्याची धांदल उडते. त्या कामाला एवढी ऊब पुष्कळ झाली.